नळातला वायू आणि दाबाचे गणित

२०१८ मध्ये पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या नवव्या निविदा फेरीत शहर वायू वितरणासाठी धुळे जिल्हा नाशिक आणि वलसाडच्या काही भागासह महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडकडे सोपवण्यात आला. समृद्धी महामार्गालगत टाकलेली 'गेल'ची मुंबई-नागपूर वाहिनी मात्र नाशिक, छत्रपती संभाजीनगर, जालना, बुलडाणा अशी जाते. धुळे आणि जळगाव तिच्या उत्तरेला राहतात. म्हणजे या वाहिनीच्या हिशेबात खानदेश फाट्यावरचा आहे. कालव्याच्या शेवटी शेत असणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मुख्य वाहिनीतील वायूचा दाब ९० बारच्या घरात जाऊ शकतो. शहराच्या वेशीवरील केंद्रात तो ४९ बारच्या आत आणला जातो. पुढे पॉलिथिलीनच्या नळ्यांत तो ७ बारच्या आत राहतो आणि घरातल्या शेगडीपाशी अवघा २१ मिलिबार उरतो. इतका दाब उतरवताना वायू दर बारमागे साधारण अर्धा अंश थंड होतो. त्यामुळे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकणाऱ्या प्रदेशातही झडपा गोठू नयेत म्हणून वायू तापवण्याची वेळ येऊ शकते.

खरी अडचण याच्या पुढची आहे. प्रवाह दोन टोकांच्या दाबांवर ठरतो आणि प्रवाह बदलला की दाबही बदलतो. दाबासाठी एक आणि प्रवाहासाठी दुसरे, अशी दोन स्वतंत्र नियंत्रणे एकाच नळावर बसवली, तर एक झडप उघडते आणि दुसरी तो बिघाड समजून मिटते. या ओढाताणीत सारी वाहिनी हेलकावे खाते. म्हणून एकाच झडपेला दोन्ही नियंत्रकांचे आदेश दिले जातात आणि त्यांतला झडप कमी उघडण्याचा आदेश मानला जातो. एरवी प्रवाहाचा शब्द चालतो, दाब मर्यादेला भिडला की दाबाचा. ठिबक सिंचनाचा मोठा उद्योग उभा करणाऱ्या जळगावला हे तत्त्व परके नाही. दाब कमी-जास्त झाला तरी केळीच्या प्रत्येक खोडाला सारखेच पाणी देणारा दाबनियंत्रित ड्रिपर हेच काम करतो. फरक इतकाच, की तेथे चुकीची किंमत पिकाला मोजावी लागते, येथे माणसांना.

२०१० मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो येथे ही किंमत मोजावी लागली. एका केंद्रातील विद्युतकामाच्या वेळी चुकीचे संकेत गेले, झडपा पूर्ण उघडल्या आणि वाढत्या दाबाने १९५६ मधील वाहिनीचा सदोष जोड फुटला. आठ जण दगावले. वायू बंद करायला सुमारे दीड तास लागला. २०१८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स परिसरात जुनी वाहिनी बंद केली गेली, पण दाब मोजणाऱ्या नळ्या तिच्यावरच राहिल्या. तेथे दाब घटताना दिसल्याने नियंत्रकांनी घरांकडे जाणाऱ्या चालू वाहिनीत जादा वायू सोडला. आगी आणि स्फोटांनी तीन गावे हादरली, एका तरुणाचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी यंत्रे मिळालेल्या माहितीप्रमाणेच वागली. माहितीच खोटी होती.

यातून खानदेशाने घ्यायचा धडा स्पष्ट आहे. नियंत्रण दूरच्या कक्षातून झाले, तरी फुटलेली वाहिनी मिटवायला माणूस गावातलाच लागतो. मुख्य नियंत्रक फसल्यास दाब आवरणारा दुसरा नियंत्रक आणि त्यापुढे आपोआप मिटणारी सुरक्षा झडप, ही साखळी प्रत्येक केंद्रात हवी आणि तिची नियमित चाचणीही. महापालिकेचा रस्ता खोदणाऱ्या कंत्राटदाराला वाहिनीचा नकाशा आधी मिळायला हवा. सकाळ-संध्याकाळच्या वाढत्या मागणीत शेवटच्या टोकाला किती दाब उरतो, याच्या नोंदी ग्राहकांपुढे आल्या पाहिजेत. जोडण्या किती दिल्या, याचा आकडा जाहीर करणे सोपे असते. धुळे-जळगावच्या लोकप्रतिनिधींनी या नोंदींचा आग्रहही तितक्याच जोराने धरायला हवा.