मदतीला जाताय? आधी स्वतःचा डबा घ्या!

११ मार्च २०११ ला जपानमध्ये त्सुनामी आली. नंतर इशिनोमाकी शहरात घरांतला चिखल काढायला परदेशातूनही स्वयंसेवक गेले. त्यांना काय सांगितलं होतं माहितीये? जेवण, पाणी, राहायची सोय, गमबूट, सगळं स्वतःचं आणा. संकटातल्या गावावर आपला भार नको. आणि चिखलात फोटो सापडले, तर फेकायचे नाहीत, बाजूला ठेवायचे. घर गेलेल्या माणसाला तेच लाखमोलाचे!

माझं स्पष्ट मत आहे, धंदाही असाच करा. केटरिंगची ऑर्डर घेतली आणि भांडी ग्राहकाकडेच मागितली, तर तो पुन्हा बोलवेल का? पूर्ण तयारीनं जा. आणि काम सुरू करण्याआधी विचारा, "तुमच्यासाठी यात सगळ्यात महत्त्वाचं काय?" न विचारता केलेली मदत म्हणजे समोरच्याच्या डोक्याला ताप!