चरबी रुग्णाची, मालकी कोणाची?

कर्करोगामुळे स्तन गमावलेल्या स्त्रीला किंवा भाजून चेहरा विद्रूप झालेल्या कामगाराला शरीराचा गेलेला भराव परत मिळावा, यासाठी प्रयोगशाळेत चरबीची ऊती वाढविण्याचे प्रयत्न चालू आहेत. रक्ताचा पुरवठा झाला नाही तर जाड ऊती आतून मरते, ही त्यातील मुख्य अडचण. परंतु दुसरी अडचण विज्ञानाची नाही. ती मालकीची आहे.

शस्त्रक्रियेत शोषून काढलेल्या, एरवी फेकल्या जाणाऱ्या चरबीत मूलपेशी असल्याचे अमेरिकन संशोधकांनी २००१ साली दाखविले. टाकाऊला मोल आले आणि भांडण उभे राहिले. २००४ साली मिळालेल्या पेटंटचे खरे शोधक कोण, यावर खटला चालून २००९ साली पिट्सबर्ग विद्यापीठाच्या बाजूने निकाल लागला. ज्यांच्या देहातून चरबी निघाली, त्यांना त्या वादात स्थान नव्हते.

यात नवल नाही. देहातून काढलेल्या पेशींवर रुग्णाला मालकी सांगता येत नाही, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉन मूर यांच्या खटल्यात १९९० सालीच ठरविले. डॉक्टरने आपला आर्थिक हितसंबंध रुग्णास सांगावा, एवढेच त्याने मान्य केले. मूर यांच्याच पेशींपासून वाढविलेल्या पेशीमालिकेचे पेटंट मात्र १९८४ सालापासून विद्यापीठाकडे होते!

रुग्णाला देह विकण्याचा हक्क मिळावा, ही समाजवाद्यांची मागणी असू शकत नाही. मागणी नेमकी उलट आहे. जे रुग्णाच्या मालकीचे नाही, ते कंपनीच्याही मालकीचे असता कामा नये. असंख्यांच्या देहातून उभी राहिलेली विद्या समाजाचीच असली पाहिजे आणि तिचा उपचार सार्वजनिक रुग्णालयात गरजेनुसार मिळाला पाहिजे, ऐपतीनुसार नव्हे.