परदेशी निघालात? बॅगेआधी फोन तयार करा

पासपोर्ट झाला, व्हिसा आला, लाडू-चिवड्याचे डबेही भरले. मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवाला भेटायला आई-बाबा परदेशी निघाले की तयारी अशीच होते. फोनचा विचार मात्र होतो तो निघायच्या आदल्या रात्री!

आपल्या उतई-भिलाईकडून निघणाऱ्याला रायपूरहून आधी मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते आणि पुढे कुठेतरी विमान बदलावे लागते. अशा प्रवासात फोन बंद पडला, तर घरचे काळजीत आणि प्रवासी गोंधळात. म्हणून निदान पंधरा दिवस आधी या गोष्टी बघून घ्या.

फोन तिकडे चालेल का?
प्रत्येक देशात मोबाइलच्या लहरींचे पट्टे, म्हणजे बँड, वेगळे असतात. अमेरिकेतील तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी सेवा बंद केली. त्यामुळे तिथे साधा कॉल लागायलाही फोनची व्हीओएलटीई सुविधा त्या कंपनीच्या नेटवर्कवर चालावी लागते. इंटरनेट चालते, पण कॉल लागत नाही, असे म्हणूनच होते. *#०६# दाबा, १५ अंकी आयएमईआय नंबर दिसेल. तो तिकडच्या कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघायला मुलांना सांगा. कुणी तिकडचा जुना फोन देऊ केला, तर तो एकाच कंपनीला 'लॉक' नाही ना, हेही विचारा.

भारतातले सिम काढून ठेवू नका
पेन्शनच्या खात्याचा ओटीपी याच नंबरवर येतो. म्हणून दोन सिमचा किंवा ई-सिम चालणारा फोन सोयीचा. भारतातले सिम फक्त एसएमएससाठी ठेवा आणि त्याचे 'डेटा रोमिंग' बंद करा. इंटरनेटसाठी तिकडचे सिम घ्या. रोमिंगमध्ये येणारा एसएमएस सहसा फुकट असतो, पण येणाऱ्या कॉलचेही पैसे लागू शकतात. निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून घ्या आणि रिचार्जची मुदत परतीच्या तारखेपुढे जाईल असे बघा.

सिमचे ई-सिम करायचे असेल, तर आठवडाभर आधी करा. सिम बदलल्यावर सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद राहतात. नेमका त्याच दिवशी ओटीपी हवा असला, तर पंचाईत!

नवे सिम घातल्यावर व्हॉट्सअ‍ॅपने नंबर बदलायचा का असे विचारले, तर 'नाही' म्हणा. जुना नंबर आणि सगळे ग्रुप जागेवर राहतात.

देश तसा नियम
दुबईत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. तिथे बोटिमसारखे परवानगी असलेले अ‍ॅप वापरतात. युरोपियन युनियनमध्ये जून २०१७ पासून एका देशाचे सिम दुसऱ्या सदस्य देशात जादा रोमिंग शुल्काशिवाय वापरता येते. फ्रान्सचे सिम जर्मनीत चालेल. स्वित्झर्लंड मात्र या युनियनमध्ये नाही, तेव्हा तिथे जाण्याआधी प्लॅन तपासा.

विमानात
बसल्याबरोबर फ्लाइट मोड लावा. काही विमानांत स्वतःचे मोबाइल नेटवर्क असते. फोन त्याला जोडला गेला, तर बिल भलतेच येते. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन सामानात ती चालत नाही. अमेरिकेचा प्लग वेगळा, दुबई-इंग्लंडचा वेगळा. अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्या.

आणि एक कागद
बऱ्याच विमानतळांवर फुकट वायफायसाठी मोबाइलवर ओटीपी मागतात, आणि तेव्हाच सिमला रेंज नसते. म्हणून मुलांचा पत्ता, दोन फोन नंबर, विमानांचे क्रमांक आणि औषधांची नावे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून आई-बाबांच्या पासपोर्टमध्ये ठेवा. बॅटरी संपली, तरी तो कागद दाखवून कुणाकडूनही फोन लावून घेता येईल.

आई-बाबांना हे सगळे एकदा हातात फोन देऊन करायला लावा. आपण करून दाखवलेले लक्षात राहत नाही, स्वतः केलेले राहते.