बी.एड.चे सोळा आठवडे जातात कुठे?

मागच्या आठवड्यात भाची घरी आली. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चपला काढल्या आणि थेट माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे. "मामा, तुमची जुनी पाठ टाचणं आहेत का? नाहीतर सिनियरची फाईल मिळालीय, त्यातनंच उतरवते."

मी म्हटलं, "अगं, वर्ग तुझा, पोरं तुझी, आणि टाचण दुसऱ्याचं कसं चालेल?"

तर म्हणते, "वर्ग बघून टाचण कोण काढतंय मामा? शाळेत जायच्या आधीच फाईल पूर्ण लागते."

कॉलेजचं नाव मी घेणार नाही, घ्यायचं कारणही नाही. आजूबाजूला विचारा, बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकानं हेच ऐकायला मिळेल.

मग चहा घेता घेता तिनं पिशवीतून वह्या काढल्या. पूर्व भागातल्या एका शाळेत तिला सहावीचा वर्ग मिळालाय. 'आमचा वर्ग' असा निबंध दिला होता. एका पोरानं लिहिलं होतं, 'तो खुर्ची तुटला आहे.' त्याच्या एका पानावर हिच्या लाल पेनाच्या अकरा खुणा. म्हणाली, "पोरगा हुशार आहे मामा, गणितात वर्गात पहिला. मराठीत असं का करतो कळत नाही."

"घरी काय बोलतात?"

"तेलुगू."

आता पूर्व भागात राहणाऱ्याला हे सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. खुर्चीला तेलुगूत 'कुर्ची'च म्हणतात. कन्नडमध्येही तेच. म्हणजे शब्द त्या पोराला घरातूनच येतो. पण तेलुगू किंवा कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंची तो, ती, ते अशी वाटणी नाही. टेबल, खुर्ची, कपाट सगळं एकाच गटात. मराठीत मात्र खुर्ची 'ती', फळा 'तो' आणि पुस्तक 'ते'. का? काही कारण नाही, आपल्या कानाला सवय आहे म्हणून. त्या पोराच्या कानाला ती सवय नाही. त्याच्या अकरा चुका नाहीत, एकच आहे, अकरा वेळा झालेली. आणि ती चूक म्हणजे तो डोकं लावून लिहितोय याचा पुरावा आहे.

मी भाचीला विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं नाही?" ती म्हणाली, "भाषेचा पेपर होता की पहिल्या वर्षी. बहुभाषिकतेची व्याख्या आणि फायदे. पाच मार्काला."

त्या पेपरचं नाव 'लँग्वेज अॅक्रॉस द करिक्युलम'. म्हणजे गणित असो, विज्ञान असो, प्रत्येक विषय शिकवताना भाषा कशी आडवी येते आणि कशी मदतीला येते, ते समजून घेणं. दोन वर्षांच्या बी.एड.साठी एनसीटीईनं जो आराखडा दिला, त्यात हा पेपर आहे. अख्ख्या देशात तो सोलापूरइतका कामाचा क्वचितच कुठे असेल! आपल्या महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमात चालतात. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावरून राज्यभर रण पेटलं होतं, तेव्हा आपल्या गल्लीतली पोरं तीन भाषांत भांडत होती आणि चौथीत शिव्या देत होती. आणि त्याच शहरातली होणारी शिक्षिका व्याख्या लिहून पाच मार्क घेते.

माझं म्हणणं एवढंच आहे. बी.एड.चं नियोजन आपण पेपर आणि फाईल मोजून करतो. ते सोलापूरचा वर्ग आणि सोलापूरचं वर्ष बघून करायला पाहिजे.

वर्ष म्हणजे काय ते सांगतो. २०१४ च्या नियमावलीनं २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यात शाळेत वीस आठवडे घालवायचे. पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. याला आंतरवासिता म्हणतात, आमच्या वेळी छात्रसेवाकाल म्हणायचे. इतर तासांना ८० टक्के हजेरी चालते, आंतरवासितेला ९० टक्के लागते. एक वर्षाचं बी.एड. दोन वर्षांचं करण्याचं मोठं कारणच हे होतं. न्या. जे. एस. वर्मा आयोगाचा २०१२ चा अहवाल त्यामागे होता, आणि तो आयोग सुप्रीम कोर्टानं नेमला तो आपल्याच महाराष्ट्रातल्या डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेच्या खटल्यातून. ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो.

पण हे सोळा आठवडे येतात कधी? साधारण तिसऱ्या सत्रात. शाळा जूनच्या मध्यात उघडते, पोरं पावसाळ्यात शाळेत जातात आणि दिवाळीच्या आसपास आटोपतं. दिवाळीनंतर सबमिशन, जर्नल, परीक्षा. पहिल्या वर्षाची तर आणखी तऱ्हा. सीईटी, मग प्रवेशाच्या फेऱ्यांवर फेऱ्या, त्या लांबत जातात आणि पहिलं सत्र दाटीवाटीनं उरकावं लागतं.

आणि आपल्या जिल्ह्याची शाळा बदलते कधी? दिवाळीनंतर. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून, मराठवाड्यातून टोळ्या येतात. पंढरपूर, माळशिरस, माढा, करमाळा, कुठेही जा, उसाच्या फडाशेजारी कोप्या दिसतील आणि कोप्यांबाहेर पोरं. उलट सांगोला, मंगळवेढ्याकडची काही पोरं आईबापाबरोबर बाहेर जातात. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च काही शाळांचे पट वाढतात, काहींचे रिकामे होतात. आरटीई कायद्यानं वर्षाच्या मधेसुद्धा मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, वयानुसार वर्गात बसवायचं. बसवलं तर काय शिकवायचं? पाचवीच्या वर्गात जानेवारीत आलेली पोरगी, जिचं पुस्तक गावाकडे राहिलंय, जिला लहान भावाला सांभाळायला दुपारी परत जायचंय, तिच्यासाठी टाचण कसं काढायचं? हे कुठल्या सिनियरच्या फाईलमध्ये नाही. आणि छात्राध्यापक तेव्हा शाळेत नसतोच, तो जर्नलला कव्हर घालत बसलेला असतो.

मग सोळा आठवडे एकगठ्ठा का? आठ पावसाळ्यात, आठ दिवाळीनंतर करा. दुसऱ्या वर्षातले सोळाचे सोळाच राहतात, नियम मोडत नाही. दुसरे आठ शक्यतो वेगळ्या शाळेत. ज्यानं पहिले आठ शहरातल्या मोठ्या हायस्कूलमध्ये काढले, त्यानं नंतर कारखाना परिसरातल्या शाळेत जावं, नाहीतर विडी कामगारांच्या वस्तीतल्या. कुंभारीच्या रे नगरमध्ये जानेवारी २०२४ मध्ये १५ हजार घरांचा ताबा दिला गेला, पंतप्रधान स्वतः आले होते. एवढं मोठं गाव नव्यानं वसतंय, तिथं कुठली पोरं आली, घरी काय बोलतात, आधी कुठल्या शाळेत होती, याची एक साधी पाहणी हा बी.एड.चा प्रकल्प का होऊ नये? ती शाळेलाही उपयोगी पडेल.

एका प्राध्यापक मित्राशी बोललो तर तो म्हणाला, "आमच्या हातात काय आहे? सगळं वरून येतं." अर्धं खरं आहे. पेपरांची नावं, आठवडे वरून येतात. पण कुठली शाळा, कुठला महिना, प्रात्यक्षिकात काय करून घ्यायचं, हे विद्यापीठाचं अभ्यास मंडळ आणि कॉलेज ठरवतं. मी बी.एड. केलं तेव्हा आपण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात होतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, सगळ्यांचं वेळापत्रक एक. २००४ ला आपलं विद्यापीठ झालं, एकाच जिल्ह्यापुरतं. तेव्हा मीही नाक मुरडलं होतं, एका जिल्ह्याचं कसलं विद्यापीठ म्हणून. आज वाटतं, हाच तर फायदा आहे. जिल्ह्याचं वर्ष बघून अभ्यासक्रम आखणं यापेक्षा सोपं कुणाला असेल?

मित्राची दुसरी अडचण मात्र खरी होती. विनाअनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, दोन टोकांच्या शाळांत जाऊन पाठ कोण बघणार? पेट्रोल कोण देणार? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. शाळेतल्याच एका अनुभवी शिक्षकावर ही जबाबदारी रीतसर टाकावी, त्याचं मानधन द्यावं, एवढं सुचतं. कारण शाळाही काही धुतल्या तांदळाच्या नाहीत. मी स्वतः एकतीस वर्षं हायस्कूलवर काढली. छात्राध्यापक आले की आम्ही पहिल्यांदा काय बघायचो? ऑफ तास कुणाकुणाचे आहेत. "जा गं, आठवी ब ला बस जरा." पाठ बघितला, सही केली, झालं. माझीही सही अशा कित्येक फायलींवर असेल.

कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात म्हटलं होतं की शिक्षक घडवणाऱ्या संस्था शाळांपासूनही तुटल्यात आणि विद्यापीठांपासूनही. त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. 'शिक्षण' हा विषय बी.ए.लाही स्वतंत्रपणे शिकता यावा, अशी शिफारसही त्यात होती. साठ वर्षं झाली.

हे आत्ताच लिहितोय कारण सगळं पुन्हा आखलं जातंय. नव्या शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता ठरवायची आहे, २०२३-२४ पासून निवडक संस्थांत ते सुरूही झालंय. २०२५ मध्ये एनसीटीईचा मसुदा आला, त्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाचं बी.एड. परत आणायचं आहे. चार वर्षांच्या कोर्सला चार गळीत हंगाम मिळतात. एक वर्षाच्या कोर्सला एकच. तोही फाईल उतरवण्यात गेला तर काय उरलं?

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मुलांच्या घरची भाषा कन्नड, म्हणून ते कन्नड शिकले, हे तेव्हा जगभर सांगितलं गेलं. कौतुक केलंत, चांगलं केलंत. पण ते त्यांनी स्वतःच्या हौसेनं केलं. जे एका माणसानं हौसेनं केलं, ते जिल्ह्यातल्या प्रत्येक छात्राध्यापकाच्या वेळापत्रकात का नाही, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही.

भाचीचं राहिलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला. तिनं फळ्यावर तीन रकाने आखले, तो, ती, ते, आणि वर्गातल्या वस्तूंची नावं मुलांकडून भरून घेतली. शेजारी तेलुगू, कन्नड आणि उर्दूतले शब्द. ज्यांच्या घरी मराठी बोलतात त्या पोरांना विचारलं, खुर्ची 'ती' का? एकालाही सांगता येईना. तो गणितवाला पोरगा हसायला लागला म्हणे. हा पाठ तिच्या फाईलमध्ये नाही, फाईल आधीच तपासून झालीय.

तुमच्यापैकी ज्यांनी गेल्या दहा वर्षांत आपल्या जिल्ह्यात बी.एड. केलंय, त्यांनी खाली लिहा: कुठल्या महिन्यात शाळेत होता, वर्गातली पोरं घरी कुठली भाषा बोलत होती आणि टाचण कुणाचं होतं. शाळेचं, कॉलेजचं नाव नको. शंभरेक नोंदी जमल्या तर छापून घेऊन केगावला अभ्यास मंडळाकडे मी स्वतः जाईन.