मुक्या प्रवाशाची जबाबदारी कोणाची?

घरातील मंडळी परदेशी स्थायिक होण्यास निघाली म्हणजे दारातल्या कुत्र्याचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. पोर्तुगाल वा इंग्लंडची वाट धरणाऱ्या गोमंतकीय कुटुंबांनाही तो चुकलेला नाही. लहान कुत्रे काही विमान कंपन्या आसनाखाली नेऊ देतात. अल्सेशियन किंवा ग्रेट डेन यांची रवानगी मात्र विमानाच्या पोटातच व्हावयाची. तेथे त्याचा जीव गुदमरेल, ही मालकाची धास्ती स्वाभाविक असली तरी ती भलत्याच जागी आहे. प्राण्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या मालकक्षातील हवेचा दाब प्रवासी कक्षाइतकाच राखलेला असतो. खरा धोका आकाशात नसून जमिनीवर आहे.

कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग निववतो. म्हणून 29.5 अंश सेल्सियसहून अधिक उष्म्यात त्याची ने-आण 45 मिनिटांपेक्षा जास्त चालू नये, असा अमेरिकेत नियम आहे. दाबोळी वा मोपा येथे मे महिन्यातील दुपारी पारा ही मर्यादा सहज ओलांडतो. आखूड नाकाच्या जातींना तर हा उष्मा घातकच ठरतो. मे 2005 ते मे 2010 या काळात अमेरिकी विमान कंपन्यांनी 122 कुत्र्यांचे मृत्यू नोंदविले. त्यांतील जवळजवळ निम्मे अशा जातींचे होते.

हे आकडे जगापुढे आले, कारण 2005 पासून तेथील कंपन्यांना अशा घटना सरकारला कळविणे बंधनकारक झाले. हलगर्जीपणाला यामुळे पुरता आळा बसला, असे नव्हे. मार्च 2018 मध्ये युनायटेड एअरलाइन्सने कॅन्सासला जाणारा जर्मन शेफर्ड जपानला धाडला आणि जपानला जाणारा ग्रेट डेन कॅन्सासला! डेन्व्हर येथे विमान बदलताना ही अदलाबदल झाली. त्याच आठवड्यात याच कंपनीच्या विमानात, सामान ठेवण्याच्या कप्प्यात ठेवलेले एक पिल्लू दगावले. बोभाटा होताच कंपनीला मालकक्षातून प्राणी नेण्याची नवी नोंदणी थांबवावी लागली. जेथे हिशेब मागितला जातो, तेथेच जबाबदारी अंगाला लागते, हा यातील धडा होय.

मालकाचे कर्तव्यही थोडे नाही. कुत्र्याला ताठ उभे राहता येईल, वळता येईल व ऐसपैस पडता येईल एवढा पिंजरा हवा. त्याचे दार भक्कम हवे आणि त्याची सवय काही आठवडे आधीपासून लावावयास हवी. झोपेचे औषध देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. त्याने श्वसन व रक्तदाब मंदावतो आणि वाटेत पाहावयास कोणी नसते. शक्यतो विमान बदलावे न लागणारा मार्ग निवडावा. भारतातून युरोपात जाताना अलर्करोधक लसीनंतर 30 दिवसांनी रक्ततपासणी आणि त्यापुढे तीन महिन्यांची प्रतीक्षा आवश्यक असते. जानेवारीत जाग येणाऱ्या मालकाचा कुत्रा म्हणूनच नेमका ऐन उन्हाळ्यात विमानतळावर पोहोचतो. हिवाळ्यात निघावयाचे असेल तर तयारी पावसाळ्यातच आरंभिली पाहिजे.

आपल्या नागरी विमान वाहतूक खात्यानेही प्राण्यांच्या अपघातांची कंपनीवार नोंद नियमितपणे प्रसिद्ध करावी, अशी आमची सूचना आहे. भाडे घेतल्यावर मुका जीव केवळ माल उरत नाही. श्वानाला मागे टाकून इंद्राच्या रथात पाय ठेवण्यास धर्मराजाने नकार दिला होता. आजच्या मालकाकडून तेवढ्या त्यागाची अपेक्षा नाही. वैशाखातील भरदुपारचे विमान त्याने नाकारले, तरी पुष्कळ झाले.