रिबिनीचे फूल आणि रिकामे हात

आषाढातला बेंदूर जवळ आला की आपल्या आष्टा-वाळवा परिसरातील बाजारात गोंडे, कंडे, झुली आणि म्होरक्या टांगलेल्या दिसू लागतात. पूर्वी बैलांचे गोंडे पुष्कळ घरांत घरीच वळले जात आणि त्यात वडीलधाऱ्यांचा हात असे. पुढे ट्रॅक्टर आला, अनेक गोठे रिकामे झाले. मुक्या जिवाला सजवण्याची हौस मात्र ओसरलेली नाही. आता त्याच घरांच्या सोप्यात एखादे शिह त्झू किंवा ल्हासा अप्सो जातीचे झिपरे कुत्रे बसलेले आढळते. पुण्या-मुंबईतल्या मुलांनी हौसेने आणलेले, आणि नोकरीच्या धावपळीत गावी आई-वडिलांकडे सोपवलेले.

या जातींच्या कुत्र्यांचे केस सतत वाढत राहतात. ते डोळ्यांवर आले की डोळे चुरचुरतात, पाणी गळते, कडेला चिकटा साठतो. म्हणून कपाळावरचे केस एकतर कापावे लागतात किंवा वर घेऊन बांधावे लागतात. त्या बांधलेल्या झुबक्यावर लावायचे रिबिनीचे छोटे फूल, ज्याला दुकानात ‘बो’ म्हणतात, ते घरी करता येते. आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर कुत्र्यापेक्षा ते फूल करणाऱ्या हातांत आहे.

माझ्याकडे येणाऱ्या वृद्धांपैकी पुष्कळांची तक्रार तपासणीत सापडत नाही. रक्तदाब ठीक असतो, साखर आटोक्यात असते, घरचे प्रेमाने वागवतात. तरीही माणूस मलूल असतो. घरच्यांचे एकच पालुपद असते : “तुम्ही काही करू नका, नुसते बसून राहा.” या वाक्यात माया असते, पण ते रोज ऐकणाऱ्याला हळूहळू असे वाटू लागते, की आपण आता फक्त घेणारे उरलो. सत्तरी ओलांडलेल्या एका आजी मला म्हणाल्या होत्या, “डॉक्टर, औषध द्यायला सगळे आहेत, मी कुणाला काय देऊ?” पुढे त्यांच्या घरी असेच एक झिपरे कुत्रे आले. नातींच्या दोन वेण्यांना वर्षानुवर्षे लाल रिबिनी बांधलेल्या त्या हातांना पुन्हा कुणाचे तरी केस विंचरायला मिळाले. त्यांचा सांधेदुखीचा आजार गेला नाही. मात्र ‘आज हिचे फूल बदलायचे आहे’ हे सकाळी उठण्याचे कारण झाले.

आता कृती. सुईची भीती वाटणाऱ्यांनीही करावी अशी ही सोपी रीत आहे. जेवणाचा चार दातांचा काटा-चमचा घ्यावा. सुमारे 6 मिलिमीटर रुंदीची साटीनची रिबीन 12 ते 13 सेंटिमीटर कापावी. काट्याच्या दातांभोवती तिचे दोन वेढे घ्यावेत. दोन्ही टोके मागच्या बाजूस मध्यावर एकमेकांवर येऊ द्यावीत. मधल्या दोन दातांच्या फटीतून मजबूत दोरा ओवून वेढ्यांच्या मध्यभागी घट्ट गाठ मारावी आणि फूल काट्यावरून अलगद सरकवून काढावे. साधारण अडीच सेंटिमीटरचे फूल तयार होते. त्याच दोऱ्याने मागे केसांचे लहान, मऊ रबर पक्के बांधले की काम झाले. रिबिनीची टोके उसवू नयेत म्हणून ज्योतीवर धरण्याची पद्धत आहे. ती कंप असलेल्या हातांनी टाळावी. टोकांना रंगहीन नेलपॉलिश लावून ते पूर्ण वाळू द्यावे. मणी, टिकल्या लावू नयेत. कुत्रे त्या गिळू शकते.

काट्याचा फायदा असा की रिबीन तो धरून ठेवतो. त्यामुळे अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असलेल्यांना सतत चिमटीत धरावे लागत नाही. हात सकाळी आखडलेले असतील तर कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवून मग बसावे. मधुमेहामुळे बोटे बधिर झालेल्यांच्या पाण्याचा ऊनपणा मात्र दुसऱ्याने आधी तपासावा. अशांनी, तसेच रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनी, सुईपेक्षा काट्याचीच रीत पत्करावी. उजेड बाजूने यावा, चष्मा जवळचा असावा, आणि वीस मिनिटांनी हात थांबवावेत. विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीकडे रंगांप्रमाणे रिबिनी लावण्याचे किंवा मापाने मांडण्याचे काम द्यावे. चुकल्यास सुधारू नये, परीक्षा घेऊ नये. सोबत बसून करावे, एवढे पुरे.

हातांचे असे रोजचे काम काळजी घेणाऱ्यांसाठी आरशासारखेही असते. काल सहज मारता येणारी गाठ काही आठवड्यांत जमेनाशी झाली, बोट वाकून अडकू लागले, स्वस्थ ठेवलेला हात थरथरू लागला, किंवा दोऱ्याचे टोक दिसेनासे झाले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नये, तपासून घ्यावे. आणि अचानक एका हातातून कात्री गळून पडली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर क्षणभरही वाट पाहू नये. हा पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच उपयोगी पडते. 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.

आता कुत्र्याविषयी. झुबका कातडी ताणली जाईल इतका घट्ट बांधू नये. फूल रात्री काढून ठेवावे आणि केस विंचरावेत. त्याच वेळी कानामागे, मानेखाली गोचीड नाही ना ते पाहावे. कुत्रे सारखे डोके खाजवू लागले तर फूल काढावे. त्याला ते नकोच असेल तर हट्ट धरू नये. केस कापून घेणे हाही तितकाच चांगला उपाय. रबर किंवा दोरा गिळल्यास पशुवैद्यकांकडे न्यावे. तोंडातून दोऱ्याचे टोक दिसले तरी ते ओढू नये, आतड्यास इजा होते.

लहान कुत्रे पायांत घुटमळते आणि त्याला अडखळून वृद्ध पडतात. बैलाच्या गळ्यात घुंगरू असे, तसे एक याच्या पट्ट्यालाही बांधावे, म्हणजे ते कुठे आहे हे कळते. फूल बांधताना माणसाने खुर्चीत टेकून बसावे आणि कुत्रे समोर टेबलावर घ्यावे. त्या वेळी दुसऱ्या कुणीतरी त्याला धरावे. कुत्र्याची रेबीजची लस दर वर्षी पशुवैद्यकांच्या सल्ल्याने चुकवू नये. घरच्या कुत्र्याचा दात किंवा नख लागले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद किंवा चुना भरू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीज एकदा उमटला की वाचणे जवळजवळ अशक्य असते. पण वेळेवर घेतलेली लस तो टाळते.

ज्यांच्या घरी कुत्रे नाही त्यांनी ते मुद्दाम आणू नये. त्याची देखभाल दहा-बारा वर्षांची असते. शेजारच्या घरच्या कुत्र्यासाठी फुले करून देता येतात. काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना एवढेच सांगणे आहे : आपल्या वडीलधाऱ्यांच्या औषधांची यादी आपण जपून ठेवता, तिच्या शेजारी, त्यांच्या हातांवाचून या घरात आज कोणते काम अडणार आहे, हेही लिहून ठेवा. ती जागा कोरी राहत असेल, तर दहा रुपयांच्या रिबिनीपासून सुरुवात करायला हरकत नाही.