घरी परतलेल्या मनोरुग्णाची भीती

मनोरुग्णालयातून कुणी घरी परतला की शेजारी दबक्या आवाजात विचारतात, ‘आता मारहाण तर नाही ना करणार?’ भीती समजण्याजोगी आहे, पण तिचा रोख चुकतो.

अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मॅकआर्थर अभ्यासात रुग्णालयातून सोडलेल्या हजाराहून अधिक मनोरुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवले गेले. पिट्सबर्गमध्ये त्यांची तुलना त्याच वस्तीतल्या लोकांशी केली. दारू वा अमली पदार्थांचे व्यसन नसलेले रुग्ण आणि तसेच निर्व्यसनी शेजारी यांच्या हिंसक वागण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. व्यसन असले की दोन्हीकडे हिंसा वाढली. अर्थात रुग्णांत व्यसनाचे प्रमाणही अधिक होते. मार बसला तो बहुतेक वेळा घरच्यांना आणि ओळखीच्यांना, तोही बहुधा घरातच.

म्हणजे शेजाऱ्यांपेक्षा काळजी आईची, बायकोची करायला हवी. बरे वाटू लागले की रुग्ण गोळ्या सोडतो. गोळ्यांनी सुस्ती येते, वजन वाढते, हात थरथरतो. त्याची तक्रार खोटी नसते. पहिले काही दिवस काहीच बिघडत नाही, म्हणून घरचेही निर्धास्त. मग झोप उडते, रात्रभर येरझाऱ्या सुरू होतात, आईने वाढलेल्या ताटात विष असल्याचा संशय येतो. डॉक्टरांकडे जायची वेळ हीच. हात उगारेपर्यंत थांबायचे नसते. संशयावर वाद घालू नये, चौघांनी घेरू नये. गोळ्या टिकत नसतील, तर काही आठवड्यांनी एकदा घ्यायची इंजेक्शने असतात, त्याबद्दल विचारावे.

पण सारा भार नातेवाइकांवर टाकणे अन्यायाचे आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९८ नुसार घरी सोडण्यापूर्वी पुढील उपचारांबाबत रुग्णाशी आणि कुटुंबाशी चर्चा व्हायला हवी. गर्दीच्या वॉर्डात मात्र अनेकदा हातात पडते ते डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची पिशवी. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चार जुन्या मनोरुग्णालयांवर राज्याची भिस्त. सिंधुदुर्गातल्या मजुराने रत्नागिरी गाठायची तर दिवसाची मजुरी बुडते, भाडे वेगळेच. पुढची तारीख हुकते ती बेफिकिरीने नव्हे. पहिल्या महिन्यात समाजसेवकाने एकदा घरी जाणे किंवा निदान फोन करणे, याला मोठा खर्च येत नाही; हवी ती भरलेली पदे.

याच काळात रुग्ण स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा धोकाही मोठा असतो. त्याची चर्चा मात्र शेजारी करत नाहीत. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ मदतवाहिनी, १४४१६, चोवीस तास विनामूल्य आहे. हा क्रमांक डिस्चार्ज कार्डावर ठळक छापायला काय हरकत आहे?